संगणक झोपत नाही, झोपला तर उठत नाही: कारण शोधायचे कसे

गणेश चवथीच्या पाच दिवसांसाठी आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी गेलो होतो. परत फोंड्याला आलो तर बंद खोलीत संगणकाचा पंखा फिरत होता. माऊस हलवल्याबरोबर पासवर्डची चौकट समोर आली. निघताना मी स्वतः तो स्लीपमध्ये टाकला होता, आणि एका लग्नपत्रिकेची फाईल तशीच उघडी ठेवली होती. ती फाईल आता उघडी नव्हती. शेवटचा तासाभराचा मजकूर गेलाच.

कुठल्यातरी अपडेटनेच संगणक उठवला असणार, असे मी धरून चालले आणि दिसेल ते सेटिंग बदलत गेले. तीन दिवस त्यात गेले. खरे कारण विंडोजच्या सेटिंगमध्ये नव्हतेच. आम्ही नसताना पावसात लाईट गेली होती आणि परत आली होती, एवढेच. त्यावर पुढे सविस्तर लिहिते. त्या तीन दिवसांनंतर मी एक शिस्त लावून घेतली: आधी कारण शोधायचे, मग हात लावायचा. संगणक का जागा आहे, कोणी उठवला, कधी उठवला, याची बरीच नोंद विंडोज स्वतःच ठेवते. ती वाचायची कशी, हे या लेखात सांगते. छापखान्यात डीटीपीचे काम करते, त्यामुळे दिवसाचे आठ-नऊ तास हे यंत्र माझ्यासमोर असते आणि ओळखीच्यांचे फोनही याच तक्रारींसाठी येतात.

आधी तक्रार नीट ओळखा

"संगणक बंद होतो" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, फक्त स्क्रीन बंद होणे. आत सगळे चालू असते, गाणे वाजत असते, फाईल उतरत असते. दुसरी, स्लीप. यात प्रोसेसर, डिस्क, पंखा थांबतात, पण उघडी कामे रॅममध्ये असतात आणि रॅमला थोडी वीज लागतच राहते. तिसरी, हायबरनेट. यात रॅममधले सगळे डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होते. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण वायर काढून ठेवली तरी काम जात नाही.

स्क्रीनसेव्हर या तिघांपैकी कशातच बसत नाही. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र सतत राहून डाग पडू नये म्हणून तो आला. आजच्या एलसीडीवर स्क्रीनसेव्हर चालू असताना मागचा दिवा जळतच असतो, म्हणजे वीज वाचत नाही. मला विचाराल तर तो काढून टाका आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ ठरवून घ्या.

ती वेळ विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, मग पॉवर अँड बॅटरी इथे मिळते. डेस्कटॉपवर नुसते पॉवर असे नाव दिसते, आणि विंडोज १० मध्ये पॉवर अँड स्लीप. लॅपटॉपवर बॅटरीसाठी आणि चार्जरसाठी वेगवेगळ्या वेळा असतात. "मी तर तीस मिनिटे ठेवली होती" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी त्यातली एकच बदललेली असते. हे तपासून झाले की एकदा रीस्टार्ट करा. शट डाउन नको, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, तसाच राहू शकतो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते.

झोपतच नाही

वेळ दहा मिनिटांची आणि संगणक रात्रभर जागा, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. इथे कमांड प्रॉम्प्ट लागतो. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरे टाइप करा, आलेल्या नावावर उजवे क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर निवडा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडले नाही तर पुढच्या काही कमांड नकार देतात.

कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायची असते. मी इथे उच्चार देते. पहिला शब्द नेहमी एकच: पॉवरसीएफजी. म्हणजे पॉवर हा शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी. मग एक जागा सोडायची, मग तिरकी रेघ म्हणजे स्लॅश, आणि स्लॅशला चिकटून पुढचा शब्द.

पहिली कमांड: पॉवरसीएफजी, स्लॅश रिक्वेस्ट्स. एंटर दाबल्यावर डिस्प्ले, सिस्टिम, अवेमोड, एक्झिक्युशन अशा मथळ्यांखाली यादी येते. मथळ्याखाली नन असेल तर तिथे कोणाची आडकाठी नाही. डिस्प्लेखाली नाव असेल तर तो प्रोग्रॅम स्क्रीन बंद होऊ देत नाही. सिस्टिमखाली असेल तर स्क्रीन बंद होईल, पण संगणक झोपणार नाही.

आमच्या गल्लीत एक भजनी बुवा राहतात. मुलांना शिकवतात. त्यांचा डेस्कटॉप कित्येक महिने रात्रभर चालू राहायचा. "बाय, हो न्हिदनाच गो," म्हणजे हा झोपतच नाही, असे त्यांनी सांगितले तेव्हा मी जाऊन हीच कमांड चालवली. सिस्टिमखाली आवाजाच्या ड्रायव्हरचे नाव आणि त्यापुढे ऑडिओ स्ट्रीम चालू असल्याची ओळ. खोलीत मात्र आवाज कसलाच नव्हता. शोधल्यावर ब्राउझरमध्ये तानपुऱ्याचे पान सापडले. रियाजाला ते लावायचे आणि संपल्यावर स्पीकरचे बटण बंद करायचे. स्पीकर बंद झाला तरी काळी चारचा षड्ज आत अखंड वाजतच होता, आणि आवाज वाजतो आहे तोवर विंडोज झोपत नाही. टॅब बंद केली, दहा मिनिटांत यंत्र झोपले.

अशी कारणे बहुतेक साधीच निघतात: थांबवून न ठेवलेला व्हिडिओ, कुठेतरी जोडलेला राहिलेला ऑनलाइन वर्ग, उतरत असलेली मोठी फाईल, नेटवर्कवर दुसऱ्या संगणकाने उघडून ठेवलेली तुमची फाईल. छापखान्यात हे शेवटचे नेहमी होते. शेजारच्या संगणकावर माझ्या फोल्डरमधली फाईल उघडी असली की माझे यंत्र झोपत नाही. दोष वाटला तरी हे सोयीचेच आहे, नाहीतर शेजारच्या संगणकावर काम करणाऱ्या बाईची फाईल मध्येच तुटली असती.

एखादा प्रोग्रॅम उगाच हट्ट करत असेल तर रिक्वेस्ट्सओव्हरराइड नावाची कमांड त्याची विनंती दुर्लक्षित करायला लावते. पण मी ती शेवटी वापरते. आधी तो प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर अद्ययावत करून पाहावा.

यादी पूर्ण रिकामी असूनही स्क्रीन बंद होत नसेल तर यूएसबीला काय काय जोडले आहे ते पाहा. खेळाची जॉयस्टिक किंवा खराब झालेला माऊस सतत हालचाल कळवत राहतो आणि विंडोजला वाटते कोणीतरी काम करते आहे. एकेक उपकरण काढून थांबा.

झोपतो, पण आपोआप उठतो

उठल्यावर लगेच विचारायची कमांड: पॉवरसीएफजी, स्लॅश लास्टवेक. लास्ट आणि वेक हे दोन शब्द जोडून. शेवटचे कोणी उठवले त्याचे नाव येते: पॉवर बटण, यूएसबी, नेटवर्क कार्ड किंवा टायमर. तपशील वेळेसकट हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्जमधले सिस्टिम निवडा आणि पॉवर ट्रबलशूटर या नावाची १ क्रमांकाची नोंद शोधा. कधी झोपला, कधी उठला आणि वेक सोर्स काय, हे तिन्ही तिथे लिहिलेले असते.

पुढे कारणानुसार उपाय करायचा.

यूएसबी किंवा माऊस असेल तर: पॉवरसीएफजी, स्लॅश डिव्हाइसक्वेरी, एक जागा सोडून वेक अंडरस्कोर आर्म्ड. कोणकोणत्या उपकरणांना उठवण्याची परवानगी आहे त्याची ही यादी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीज उघडा, पॉवर मॅनेजमेंट या टॅबवर जा आणि संगणक उठवू देण्याच्या ओळीपुढची खूण काढा. आमच्याकडे पलीकडच्या खोलीत छपाईचे यंत्र सुरू झाले की टेबल थरथरते, माऊस केसभर सरकतो आणि स्क्रीन उजळते. मी माऊसची परवानगी काढली, कीबोर्डची ठेवली. दोन्हींची एकदम काढू नका, मग उठवायला फक्त पॉवर बटण उरते.

नेटवर्क कार्ड असेल तर त्याच टॅबवर फक्त मॅजिक पॅकेटनेच, म्हणजे नेटवर्कवरून आलेल्या उठवण्याच्या खास संदेशानेच, उठावे अशी एक खूण असते. दुरून संगणक चालू करायची गरज असेल तर ती ठेवा, नसेल तर उठवण्याची परवानगीच काढा.

टायमर असेल तर पॉवरसीएफजी, स्लॅश वेकटायमर्स. कोणते काम कधी उठवणार आहे ते दिसते. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडली की स्लीपखाली अलाउ वेक टायमर्स आहे. तिथे डिसेबल निवडता येते, किंवा फक्त महत्त्वाचे टायमर चालू ठेवता येतात. रात्री दोनच्या आसपास उठत असेल तर ऑटोमॅटिक मेंटेनन्सवर संशय घ्या. त्याची मूळ वेळ रात्री दोनची असते, आणि त्यासाठी संगणक उठवू द्यायचा की नाही याची खूण कंट्रोल पॅनलच्या सिक्युरिटी अँड मेंटेनन्समध्ये आहे.

आता माझी चवथ. लास्टवेकने काहीच सांगितले नाही, टायमर एकही नव्हता. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद सापडली. तिचा अर्थ, यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. म्हणजे कोणी उठवलेच नव्हते. लाईट गेली तेव्हा रॅम रिकामी झाली आणि लाईट आली तेव्हा संगणक नव्याने सुरू झाला. हे बायोसमधले, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधले, सेटिंग असते: वीज परत आल्यावर बंद राहायचे, सुरू व्हायचे की आधीच्या स्थितीत यायचे. नाव कंपनीप्रमाणे बदलते, पण त्यात एसी पॉवर हे शब्द बहुधा असतात. माझ्याकडे ते सुरू व्हायचे असे होते. बंद राहायचे असे केले आणि तक्रार संपली. आपल्याकडे पावसाळ्यात झाडाची फांदी तारांवर पडणे नवे नाही, म्हणून गोव्यात "आपोआप चालू होतो" ही तक्रार आली की मी हल्ली आधी ४१ शोधते, मग बाकीचे.

पावसाळ्यासाठी वेगळी तजवीज

मजकूर मात्र बायोसमुळे गेला नव्हता. डिस्कवर जागा हवी म्हणून मी काही महिन्यांपूर्वी पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ ही कमांड चालवून हायबरनेट काढून टाकले होते. त्याची फाईल मोठी असते, मूळ मापात रॅमच्या साधारण ४० टक्के. जागा मिळाली, पण तिच्यासोबत हायब्रिड स्लीपही गेले, हे माझ्या लक्षात आले नाही.

डेस्कटॉपवाल्यांनी हे नीट समजून घ्यावे. हायब्रिड स्लीपमध्ये संगणक झोपतो तेव्हा काम रॅममध्ये राहतेच, शिवाय डिस्कवरही उतरवले जाते. लाईट राहिली तर पटकन उठतो, गेली तर डिस्कवरून सगळे परत येते. ज्या घरी लाईट भरवशाची नाही तिथे साध्या स्लीपवर डेस्कटॉप सोडणे मला पटत नाही.

ते सुरू करायचे असे: ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑन. मग ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये स्लीपखाली अलाउ हायब्रिड स्लीप, ऑन. ही ओळ दिसतच नसेल तर पॉवरसीएफजी, स्लॅश ए चालवा. तुमचे यंत्र झोपेचे कोणते प्रकार देते आणि कोणते का देत नाही, ते कारणासकट छापून येते. तरीही फाईल सेव्ह करूनच उठायचे, ती सवय सोडू नका.

यूपीएस असेल आणि त्याला यूएसबीची वायर असेल तर ती संगणकाला जोडा. कित्येक यूपीएस विंडोजला बॅटरी म्हणून दिसतात, मग क्रिटिकल बॅटरी ॲक्शनमध्ये हायबरनेट ठेवता येते. तुम्ही घरी नसलात तरी यूपीएस संपायच्या आत काम डिस्कवर उतरते. नुसता इन्व्हर्टर असेल आणि लाईट जाताना संगणक रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा खटका आहे का ते पाहा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षण पंख्याला कळत नाही, संगणकाला कळतो.

उठतच नाही, स्क्रीन काळी

इथे पॉवर बटण दाबून धरण्याची घाई करू नका. आधी कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का?

लागत असेल तर संगणक जागा आहे, अडचण चित्राची आहे. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, एक बारीक बीप येते आणि बऱ्याचदा चित्र परतते. उघडी कामे जात नाहीत. तरी काळेच राहिले तर मॉनिटर त्याच्याच बटणाने बंद करून चालू करा आणि त्याच्या मेनूत योग्य इनपुट निवडले आहे का ते पाहा. डिस्प्लेपोर्टने जोडलेल्या काही मॉनिटरना स्वतःची डीप स्लीप असते, त्यातून ते उठत नाहीत. मॉनिटरच्याच मेनूत ती बंद करता येते. आधी कधी प्रोजेक्टर जोडला असेल तर विंडोजची कळ आणि पी दाबून चित्र दुसऱ्या स्क्रीनकडे तर वळलेले नाही ना, हेही बघावे.

दिवा लागत नसेल तर पॉवर बटण एकदा हलकेच दाबून थोडे थांबा. यूएसबी कीबोर्डला उठवण्याची परवानगी नसेल, किंवा बायोसमध्ये ईआरपी हे वीज वाचवणारे सेटिंग चालू असेल, तर कीबोर्डने संगणक उठत नाही असे होऊ शकते, आणि दोष यंत्राचा वाटतो. त्यानेही काही झाले नाही तर मग दहा सेकंद दाबून धरण्याला पर्याय नाही.

हे वारंवार होत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला. लॅपटॉपसाठी तो लॅपटॉपच्याच कंपनीच्या साइटवरचा घ्यावा. विंडोज अपडेटनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर उलटे करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक ड्रायव्हर. बायोस अपडेट हाही उपाय आहे, पण तो आषाढाच्या पावसात, यूपीएस नसताना मुळीच करू नका. मध्येच लाईट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

काम चालू असताना स्क्रीन विझते

शाळेच्या कार्यक्रमात प्रोजेक्टरवर पीडीएफ दाखवत असताना मध्येच अंधार, हे मी दोन-तीनदा पाहिले आहे. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो स्क्रीन जागी ठेवतो, पीडीएफ साधारणपणे ठेवत नाही. चार्जर लावा आणि तेवढ्यापुरती वेळ नेव्हर करा. सतत हे लागत असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमध्ये अवेक नावाचे साधन आहे. एका क्लिकने यंत्र जागे राहते, मूळ सेटिंगला हात लागत नाही.

लॉक केल्यावर मिनिटभरात स्क्रीन विझत असेल तर तो बिघाड नाही. लॉक स्क्रीनची वेळ वेगळी असते, मूळ एक मिनिटाची. नव्या लॅपटॉपमध्ये माणूस समोर आहे का ते पाहणारा सेन्सरही असतो. तुम्ही बाजूला वळून कागद वाचत बसलात की त्याला वाटते गेली. प्रेझेन्स सेन्सिंग हे सेटिंग पॉवरच्याच पानावर किंवा प्रायव्हसीमध्ये सापडते.

बॅगेत तापणारा लॅपटॉप

माझी भाची वाळपईहून कदंबाच्या बसने पणजीला कॉलेजला जाते. घरून झाकण लावून निघायची, पणजीला बॅग गरम आणि बॅटरी निम्मी. पॉवरसीएफजी, स्लॅश ए चालवल्यावर एस झिरो लो पॉवर आयडल असे आले, एस थ्री म्हणजे जुनी खोल झोप नाहीच. या एस झिरोच्या झोपेला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. मोबाइलसारखी झोप, आतून थोडे जागे राहून मेल, अपडेट चालू ठेवणारी. बरेच नवे लॅपटॉप असेच येतात आणि जुनी खोल झोप त्यांत सेटिंगने आणता येत नाही. मग उपाय एकच पक्का: बॅटरीवर असताना झाकण लावले की हायबरनेट. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर काय व्हावे ते ठरवता येते, चार्जरवर स्लीप राहू द्यावी. रात्रीतून बॅटरी नेमकी कोणी खाल्ली ते पाहायचे तर पॉवरसीएफजी, स्लॅश स्लीपस्टडी. ही कमांड एक अहवाल बनवते, तो ब्राउझरमध्ये उघडतो.

मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: टर्मिनलमध्ये पीएमसेट, मग डॅश जी, मग असर्शन्स. विंडोजच्या रिक्वेस्ट्ससारखीच यादी येते. स्क्रीनची वेळ सिस्टिम सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीनखाली असते.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि ते तारखेसह वहीत लिहा. मी कीबोर्डजवळच वही ठेवते. बदल केला की रात्री यंत्र हाताने स्लीपमध्ये टाका, सकाळी उठल्याउठल्या लास्टवेक चालवा आणि उत्तर त्याच ओळीपुढे नोंदवा. सलग तीन रात्री पॉवर बटण किंवा कीबोर्ड एवढेच उत्तर आले, तर तो बदल कायम ठेवायला हरकत नाही.